पेशंटचं कोण?

वॉर्डाच्या दारातून सिस्टरने मान बाहेर काढून "पेशंटचं कोण आहे?" असं विचारलं की बाहेरच्या बाकांवरची सगळी माणसं एकदम उभी राहतात. नाव घेतलेलं नसतं, खाटेचा नंबर सांगितलेला नसतो. तरी कुणी हातातला चहा तसाच खाली ठेवतो, कुणी फोन मध्येच बंद करतो, भिंतीला टेकून डुलकी लागलेल्या आजी दचकून पदर सावरतात. त्या क्षणी प्रत्येकाला वाटतं, आपल्यालाच बोलावलंय. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर साताऱ्याच्या एका दवाखान्यात चार दिवसांत मी अशी किती वेळा उठले असेन, मोजदाद नाही. बहुतेक वेळा बोलावणं दुसऱ्याच कुणाला असायचं. मग आम्ही बाकीचे पुन्हा बसायचो आणि आत गेलेल्या माणसाच्या पाठीकडे बघत राहायचो.

पेशंट हा शब्द मला काही नवा नव्हता. पुण्यात मी भाषांतराचं काम करते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त काम औषधांचं असतं. माहितीपत्रकं, संमतीपत्रं, ऑपरेशनच्या आधी काय खावं-प्यावं त्याच्या सूचना. इंग्रजी मजकुरात दर दोन ओळींनी 'पेशंट' येतो, मी तिथे 'रुग्ण' टाइप करते. बोटांना इतकी सवय झाली आहे की मध्ये विचार लागत नाही. बोलताना मात्र मी स्वतः कधीच रुग्ण म्हणत नाही. रुग्ण बातमीत असतो, पाटीवर असतो, सरकारी कागदावर असतो. घरातलं माणूस खाटेला खिळलं की ते पेशंट होतं. "पेशंटला झोपू द्या." "पेशंटनं काही खाल्लं का?" माझी आजी इंग्रजी शाळेची पायरी चढलेली नव्हती, पण शेजारी कुणी आजारी असलं की तीही म्हणायची, "त्यांच्याकडं पेशंट हाय, मोठ्यानं बोलू नका."

शब्द इतका अंगवळणी पडला की त्याच्याकडे बघायचं राहून जातं. मला तो दिसला आईच्या खाटेशेजारी, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून काढलेल्या रात्रींत.

आईला पित्ताशयात खडे झाले होते. झाले होते म्हणजे कधीचेच झाले होते, आम्हाला कळलं त्या आठवड्यात. जवळजवळ दोन वर्षं तिला मधूनमधून रात्री दुखायचं. उजव्या बरगडीखाली सुरू व्हायचं आणि पाठीत जायचं. ती म्हणायची, पित्त खवळलंय. ओवा चावायची, आवळकाठी तोंडात ठेवायची, गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायची. दिवाळीत मी घरी होते तेव्हा रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरात दिवा दिसला म्हणून उठून गेले. ती अंधाऱ्या खिडकीकडे तोंड करून उभी होती. दोन्ही हातांनी ओट्याची कड धरलेली, बोटांची पेरं पांढरी पडलेली. पाठीवर हात ठेवला तर ब्लाउज घामाने ओला. मी विचारलं, "आई, काय होतंय?" ती म्हणाली, "काही नाही गं, चकल्या जास्त झाल्या. जा, झोप तू." आणि मी जाऊन झोपले. हे मला लिहायलाच हवं.

ऑगस्टच्या शेवटी ताप आला, उलट्या थांबेनात, तेव्हा शेजारच्या काकूंनी तिला रिक्षात घातलं आणि मग मला फोन केला. मी पोचेपर्यंत सोनोग्राफी झाली होती. पित्ताशयाला सूज, आत खड्यांचा खच. सर्जन शांत गृहस्थ होते. ते म्हणाले, दुर्बिणीतून काढायचा प्रयत्न करू, नाहीच जमलं तर पोट उघडावं लागेल. मग त्यांनी आईकडे बघून विचारलं, "आजी, किती दिवस अंगावर काढलंत?"

दुखणं अंगावर काढणं. मी आजवर केलेल्या एकाही भाषांतरात हा वाक्प्रचार आलेला नाही, कारण त्याच्या जागी येईल असं काही त्या इंग्रजी मजकुरात नसतंच. मराठी डॉक्टर मात्र तो दिवसातून दहा वेळा वापरत असणार. आमच्याकडे बायका ताप अंगावर काढतात, पाळीची दुखणी अंगावर काढतात, बाळंतपणानंतरची कंबर आयुष्यभर अंगावर काढतात. शेतकरी गडी पायातला काटा अंगावर काढतो. औषध न घेता, कुणाला न सांगता, अंगाच्या जोरावर दुखण्याला पुरून उरायचं.

आणि गंमत नव्हे, खरोखर चटका लावणारी गोष्ट अशी की 'पेशंट' या शब्दाचा मूळ अर्थ नेमका हाच आहे.

लॅटिनमध्ये 'पाती' असं एक क्रियापद आहे. अर्थ सोसणे, भोगणे, येईल ते वाट्याला येऊ देणे. त्याचं वर्तमानकाळाचं कृदंत 'पातिएन्स', म्हणजे सोसत असलेला, सोसणारा. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये आणि फ्रेंचमधून 14व्या शतकात इंग्रजीत शब्द आला, तो दोन अर्थ बरोबर घेऊनच. एक, धीर धरणारा, न कुरकुरता सहन करणारा. दुसरा, वैद्याच्या हाताखाली असलेला आजारी माणूस. त्याच शतकाच्या शेवटी इंग्रज कवी जेफ्री चॉसरने 'कँटरबरी टेल्स' लिहिलं, त्याच्या प्रस्तावनेतला वैद्य ग्रहांच्या वेळा बघून आपल्या पेशंटला सांभाळतो. म्हणजे तोवर शब्द चांगला रुळलेला होता. पुढे दोन्ही अर्थ वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले आणि आपण त्यांची ताटातूट करून टाकली. पेशंट खाटेवर आणि पेशन्स अंगात. पेशन्स तर आपण अनेकवचनी केले: "माझ्यात आता पेशन्स राहिले नाहीत." हे दोघे एकाच घरचे आहेत हे बोलताना कुणाच्या मनातही येत नाही.

त्या पहिल्या रात्री सलाईनच्या थेंबाकडे बघताना माझ्या डोक्यात हेच घोळत होतं. लॅटिनच्या हिशोबाने माझी आई दोन वर्षं पेशंट होती. ओट्याची कड धरून उभी होती तेव्हा ती अस्सल पेशंट होती, शब्दाच्या मुळासकट. पण तेव्हा तिला कुणी पेशंट म्हटलं नाही. ज्या दिवशी सोसणं संपलं, हात टेकले आणि ती दवाखान्यात आली, त्या दिवशी केसपेपर निघाला आणि ती पेशंट झाली. सोसत होती तोवर ती फक्त आई होती, सोशिक आई.

सोशिक हा शब्द मला आता नकोसा झाला आहे. स्थळ बघताना म्हणायचे, मुलगी सोशिक आहे. श्रद्धांजलीत लिहितात, सोशिक स्वभावाच्या होत्या. पुरुषाबद्दल हा शब्द क्वचितच येतो. आमच्या बाबांना साधी सर्दी झाली तरी घराला कळतं. काढा होतो, मफलर निघतो, दारं-खिडक्या लागतात, आणि तसंच व्हायला हवं, त्यात बाबांची काही चूक नाही. ते सांगतात म्हणून त्यांची सर्दी दोन दिवसांत आटोक्यात येते. आई सांगत नाही म्हणून तिच्या पोटात दगड साठतात. तिला हे कुणी शिकवलं असेल याचा मी खूप विचार केला. कुणी मुद्दाम शिकवलं नसणार. तिने तिच्या आईला असंच ओट्याशी उभं राहिलेलं पाहिलं असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण सिस्टर वही घेऊन आली. दुखणं मोजायची एक पद्धत आहे, आकड्यांची. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे कल्पनेतलं सगळ्यात वाईट. माझ्या संमतीपत्रांमध्ये ही पट्टी मी कितीदा मराठीत आणली आहे: 'कृपया आपल्या वेदनेची तीव्रता 0 ते 10 या प्रमाणात सांगा.' सिस्टरने सोपं करून विचारलं, "आजी, दहापैकी किती दुखतंय?" आईने माझ्याकडे पाहिलं, मग सिस्टरच्या तरुण चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीन-चार असेल." पाचच मिनिटांपूर्वी तिने कूस बदलताना माझं मनगट इतकं घट्ट आवळलं होतं की बांगडीचा वळ उठला होता. सिस्टरने चार लिहिले. मी म्हटलं, "आठ लिहा." आई माझ्यावर रागावली. "त्या पोरीला कशाला घाबरवतेस?" म्हणजे आपल्या दुखण्याचा आकडा सांगतानाही तिला समोरच्याची काळजी. मी त्या ओळीचं भाषांतर एवढ्या वेळा केलं होतं, पण पट्टीच्या दुसऱ्या टोकाला असं माणूस बसलेलं असतं हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

थोडं व्याकरणाकडे वळते, कारण त्या दोन-तीन दिवसांत मला त्याचाच आधार होता. इंग्रजी शाळेत आपण ॲक्टिव्ह आणि पॅसिव्ह व्हॉइस शिकतो. त्यातला 'पॅसिव्ह' हा या 'पाती'चाच मुलगा, सोसणाऱ्याचं व्याकरण. भाषाशास्त्रातही वाक्यात क्रिया करणाऱ्याला एजंट आणि ज्याच्यावर क्रिया घडते त्याला पेशंट म्हणतात. 'सर्जनने पिशवी काढली' यात सर्जन एजंट आणि बिचारी पित्ताची पिशवी पेशंट. पण खुद्द 'पाती' हे क्रियापद मोठं विलक्षण आहे. लॅटिनमध्ये काही क्रियापदं रूपाने कर्मणी आणि अर्थाने कर्तरी असतात, त्यातलं हे एक. दिसायला असं की याच्यावर काहीतरी घडतंय, आणि अर्थ असा की हा काहीतरी करतोय. सोसणं ही क्रिया आहे, निव्वळ पडून राहणं नव्हे, हे त्या जुन्या भाषेला ठाऊक होतं. ज्याने रात्रभर दुखणाऱ्या माणसाशेजारी बसून काढली आहे त्यालाही ते ठाऊक असतं. तोंडातून आवाज फुटू न देणं हे केवढं मोठं काम आहे!

मराठीने आजाऱ्याला वेगळ्या जागी बसवलं आहे. 'मला ताप आला', 'आईला खडे झाले', 'माझं डोकं दुखतं'. या वाक्यांत ताप कर्ता आहे, खडे कर्ता आहेत, डोकं कर्ता आहे. माणूस 'मला', 'आईला', 'माझं' होऊन बाजूला उभा आहे. दुखणं पाहुण्यासारखं येतं आणि जातं. म्हणून जुनी माणसं म्हणायची, दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं. आणि ज्याच्याकडे ते आलं तो दुखणेकरी. हा शब्द आता फारसा कानावर येत नाही. मला तो पेशंटपेक्षा आणि रुग्णापेक्षाही आवडतो. शेतकरी, वारकरी, माळकरी, तसा दुखणेकरी. शेत करतो तो शेतकरी, वारी करतो तो वारकरी, आणि दुखणं करतो, निभावून नेतो तो दुखणेकरी. 'रुग्ण'चा अर्थ मोडलेला. संस्कृतमधल्या 'रुज्' म्हणजे मोडणे, तोडणे या धातूपासून तो झाला, रोगही त्याच धातूचा. 'आजार' फारसीतून आला, तिथे त्याचा अर्थ छळ, पीडा. एक मोडलेला, एक छळलेला, एक सोसणारा. दुखणेकऱ्याला मात्र कामाला लागलेल्या माणसासारखा मान आहे.

इस्पितळ हा शब्दही आजी वापरायची. तो पोर्तुगीजांकडून आला. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर त्यांनी तिथे राजाच्या नावाचं इस्पितळ काढलं होतं. त्याचं लॅटिन मूळ 'होस्पेस'. याचा अर्थ पाहुणा आणि यजमानही, दोन्ही एकाच शब्दात. वॉर्डातल्या मावशी रात्री अकराला मला एक उशी आणून द्यायच्या तेव्हा हा अर्थ पटायचा.

ऑपरेशनच्या आदल्या रात्री ड्यूटीवर केरळच्या एक सिस्टर होत्या, पन्नाशीच्या, मराठी अगदी सफाईदार. सलाईनची बाटली बदलून झाल्यावर त्या दोन मिनिटं माझ्या खुर्चीपाशी थांबल्या. माझ्या मांडीवरची वही बघून त्यांनी विचारलं, काय लिहिता? मी म्हटलं, पेशंटला कोणत्या भाषेत काय म्हणतात ते. त्या म्हणाल्या, आमच्याकडे हॉस्पिटलला आतुरालयम् असंही म्हणतात.

आतुरालय. मी त्या शब्दाशी बराच वेळ अडखळले. आतुर म्हणजे आपल्या मराठीत उत्सुक, उतावीळ. भेटीसाठी आतुर, निकालासाठी आतुर. पण संस्कृतमध्ये आतुर म्हणजे मुळात आजारी, पीडलेला. चिंतातुर म्हणतो तेव्हा आपणही तो जुना अर्थ नकळत वापरतो: चिंतेने पीडलेला. मरणाच्या दारात घेतलेल्या संन्यासाला आतुरसंन्यास म्हणायचे. मराठीत येताना शब्दातला आजार गळून गेला आणि तगमग तेवढी उरली. आता या दोन शब्दांना शेजारी ठेवून बघा. इंग्रजीचा आजारी माणूस म्हणजे धीर धरून सोसणारा. आपल्या जुन्या भाषेचा आजारी माणूस म्हणजे ज्याला धीर धरवत नाही तो. एकाच खाटेवरच्या एकाच माणसाला दोन भाषांनी बरोबर उलटं नाव दिलं.

घरी आल्यावर मी चरकसंहिता काढून बघितली. सूत्रस्थानाच्या 9व्या अध्यायात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, सेवा करणारा आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. रोग्याला तिथे 'आतुर'च म्हटलं आहे आणि त्याचे गुण असे: स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. काय काय झालं ते आठवणं, वैद्याने सांगितलेलं करणं, न भिणं, आणि आपल्या रोगाविषयी नीट सांगता येणं. मी ती ओळ दोनदा, तीनदा वाचली. सोसणं त्यात नाही. मुकाट राहणं त्यात नाही. उलट सांगता येणं हा आजाऱ्याचा गुण म्हणून गणला आहे, औषधाच्या आणि वैद्याच्या गुणांच्या बरोबरीने. हे वाचून मला इतकं बरं वाटलं, आणि लगेच वाईटही वाटलं. माझ्या आईला लहानपणापासून दाखवला गेला तो सोशिकपणा. ज्ञापकत्वाबद्दल तिच्याशी कुणी बोललंच नाही. मीही नाही.

इंग्रजी मुलखातही या शब्दावर कुरकुर झालेली आहे. 1999 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पेशंटला दुसरा शब्द हवा का, यावर वाद रंगला. ज्युलिया न्यूबर्गर यांचं म्हणणं, हा शब्द टाकून द्या. रेमंड टॅलिस या डॉक्टरांचं म्हणणं, आहे तो असू द्या. पर्याय म्हणून क्लायंट, कन्झ्युमर असे शब्द निघतात. आपल्याकडे कायद्याने तेही झालं आहे. 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते. म्हणजे पेशंट ग्राहक ठरला, त्याला दाद मागता येऊ लागली, आणि ते फार गरजेचं होतं. पण रात्री तीन वाजता उशीत तोंड खुपसलेल्या माणसाला ग्राहक म्हणवत नाही. मला शब्द बदलायचा नाही. मला त्यातली मुकाट राहण्याची अट तेवढी काढून हवी आहे.

ऑपरेशन दुर्बिणीतूनच झालं. दीड तासाने एक मुलगा हिरव्या कपड्यांत बाहेर आला, "पेशंटचं कोण?" म्हणाला आणि सगळं बाक उठलं. बोलावणं या वेळी मला होतं. त्याने झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी माझ्या हातात ठेवली. आत खडे होते. पिवळट तपकिरी, तुरीच्या डाळीएवढे, एकमेकांवर घासून त्यांच्या कडा सपाट झालेल्या. मी डबी हलवली, खुळखुळ्यासारखा आवाज आला. शेजारच्या आजी वाकून बघत म्हणाल्या, "अगं बया, एवढे?" आणि मग त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या यजमानांचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं, तरी त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. इंग्रजीतला 'कम्पॅशन' हा शब्दही याच 'पाती'चा, बरोबरीने सोसणं. आपला अनुकंपा त्याहून अंगाला भिडणारा, दुसरा थरथरतोय म्हणून आपणही थरथरणं. तो बिचारा आता नोकरभरतीच्या अर्जांपुरता उरला आहे, अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती. पण त्या बाकांवर मी तो चार दिवस जिवंत पाहिला.

आई घरी आली तोवर गौरी येऊन ठेपल्या होत्या. आमचं मूळ घर रत्नागिरीकडचं, त्यामुळे आमच्याकडे मुखवट्यांच्या गौरी नसतात, तेरड्याच्या रोपांची गौर असते. दरवर्षी आई परसातली रोपं स्वतः मुळासकट काढते. या वेळी तिला वाकायची बंदी होती. ती ओसरीवर खुर्चीत बसली आणि मी तिच्या सूचनांबरहुकूम रोपं उपटली. उपटताना पिकलेल्या बोंडाला हात लागला की ते तटकन फुटायचं, सालपटं गुंडाळली जायची आणि बिया हातभर लांब उडायच्या. लहानपणी आम्ही हाच खेळ खेळायचो. या तेरड्याचं शास्त्रीय नाव आहे इम्पेशन्स बाल्समिना. इम्पेशन्स, म्हणजे अधीर. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 च्या ग्रंथात या कुळाला हे नाव दिलं ते याच फुटणाऱ्या बोंडांवरून. याच अधीराचे भाऊबंद सप्टेंबरात कासच्या पठारावर गुलाबी सडा घालतात. आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर, आणि हे नाव मला त्या दिवशी पहिल्यांदा उलगडलं.

आणि कुंपणावर कृष्णकमळाचा वेल होता. त्याचं नाव पॅसिफ्लोरा, पॅशनचं फूल. पॅशन म्हणजे आजच्या बोलण्यात वेड, ध्यास. "आपलं पॅशन शोधा" असं मुलांना सांगतात. पण तोही 'पाती'चाच, मूळ अर्थ वेदना, आणि ख्रिस्ती धर्मात तर ख्रिस्ताने क्रुसावर भोगलेल्या वेदनेचंच ते नाव. दक्षिण अमेरिकेत गेलेल्या मिशनऱ्यांनी हे फूल पाहिलं आणि त्यांना त्यात काट्यांचा मुकुट दिसला, पाच जखमा दिसल्या, तीन खिळे दिसले. आपल्याकडे तेच फूल आलं तेव्हा आपल्या माणसांना त्याच तंतूंत शंभर कौरव दिसले, त्याच पाच पुंकेसरांत पाच पांडव. आईने मला लहानपणी एकेक तंतू दाखवून कौरव मोजायला लावले होते. ती मोजणी कधी शंभरावर जुळली नाही, आणि ती म्हणायची, काही युद्धात पडले असतील.

एका बाजूला सोसण्याच्या नावाचं फूल, दुसऱ्या बाजूला न सोसणाऱ्याचं, आणि मध्ये खुर्चीत आई. "मुळं तोडू नकोस गं, माती झटक नुसती," असं तिचं चाललं होतं. मध्येच थांबून ती म्हणाली, "टाके ओढताहेत." मी रोपं खाली ठेवून तिच्याकडे बघितलं. एवढंच म्हणाली होती. पण न विचारता म्हणाली होती.

आठ दिवसांनी तिला तपासायला नेलं. ओपीडीत ही गर्दी. नंबर आल्यावर काउंटरवरच्या मुलीने वर न बघता माझ्याकडून फाइल घेतली आणि विचारलं, "पेशंट कुठाय?"

"मीच," आई म्हणाली आणि माझ्या आधी आत गेली. सर्जननी विचारलं, कसं वाटतंय? ती खुर्चीत सरळ बसली, पर्स मांडीवर घेतली आणि सुरुवात केली. उजव्या बाजूच्या टाक्याशी जरा ठणकतं, डावीकडे नाही. पहिल्या दोन दिवशी उजव्या खांद्यात दुखलं, मग गेलं. रात्री पालथं झोपता येत नाही. भात चालतो, पण दूध घेतलं की पोट गुबारतं. परवा दुपारी जराशी कणकण वाटली, थर्मामीटर लावला, ताप नव्हता. बाहेर माणसं खोळंबली होती. सर्जननी पेन खाली ठेवलं आणि ते ऐकत राहिले.